चिलापीची टाकी आणि शेवाळाचा पाट : प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

मागच्या मे महिन्यात एका रात्रीत टाकी गेली, तेव्हापासून हे काम डोक्यात आहे. चार मीटर व्यासाची ताडपत्रीची गोल टाकी, बायोफ्लॉकसाठी घेतलेली, म्हणजे पाणी न बदलता सतत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खपवायची पद्धत. रात्री अडीचला वीज गेली, इन्व्हर्टरने तासभर तग धरला आणि पहाटे टॉर्च घेऊन गेले तर मासे पोट वर करून तरंगत होते. बायोफ्लॉकच्या पाण्यात जिवाणू इतके दाट असतात की हवा बंद पडली की माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन तेच संपवतात. पद्धत वाईट नाही, पण विजेचा भरवसा नाही तिथे ती करू नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

दुसरा मार्ग म्हणजे रोज थोडं पाणी काढून नवं घालणं. इंदापूर तालुक्यात तो एप्रिलपर्यंतच चालतो. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, की शेततळ्यातलं पाणी डाळिंबाचं. आबांनी एकदाच सांगितलं, "बागेच्या वाट्याचं पाणी मासळीला द्यायचं नाही." त्यांचं बरोबर आहे. म्हणून तेच पाणी शेवाळाकडून स्वच्छ करून परत टाकीत आणता येतं का, हे बघायचं.

आज हिशेब मांडला. टाकीत १२,५०० लिटर पाणी, ३०० चिलापी (तिलापिया). मासे साठ ग्रॅमचे झाले की दिवसाला साधारण ५४० ग्रॅम खाद्य लागेल. खाद्यात ३० टक्के प्रथिनं, म्हणजे १६२ ग्रॅम. त्याला ६.२५ ने भागलं की नत्र मिळतं : २६ ग्रॅम. यातलं पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतं. उरलेलं अठराएक ग्रॅम पाण्यात येतं, त्यातलं बरंचसं कल्ल्यांतून थेट अमोनिया होऊन. शेवाळाच्या कोरड्या वजनात नत्र ८ टक्क्यांच्या आसपास धरलं, तर १८ ग्रॅम नत्र उचलायला रोज सव्वादोनशे ग्रॅम कोरडं शेवाळ वाढायला हवं. उघड्या उथळ पाण्यात चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम वाढ मिळते. म्हणजे जागा लागेल पंधरा ते बावीस चौरस मीटर.

टाकी साडेबारा चौरस मीटरची आणि तिचं पाणी धुणारं शेवाळ वीस चौरस मीटरचं. हा आकडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहिला. सहा लिटरच्या बाटलीत हिरवं पाणी दाखवून "याने टाकी स्वच्छ होते" असं सांगणारे भेटतात, त्यांच्यापुढे हा आकडा ठेवायचा.

१४ फेब्रुवारी

पाट खोदून झाला. दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद, मधोमध आडवा पडदा, म्हणजे पाणी एका बाजूने जाईल आणि दुसऱ्या बाजूने वळून येईल. शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला कागद अंथरला. पाण्याची खोली फक्त २५ सेंटिमीटर.

सदाभाऊ म्हणाले, "ताई, एवढं खणलंच हाय तर कंबरभर करू की, पानी जास्त मावंल." खोली जास्त झाली तर खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाही. ते फक्त श्वास घेतं, काम करत नाही. उथळपणाची ही किंमत मला कोलकात्यात कळली. शिकत असताना आमची सहल पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत गेली होती. शहराचं सांडपाणी कालव्यांनी येतं आणि उथळ 'भेरीं'मध्ये, म्हणजे मासळीच्या तळ्यांत, पसरतं. ऊन, जिवाणू आणि शेवाळ मिळून ते निवळवतात आणि त्याच पाण्यात रोहू-कटला वाढतात. साडेबारा हजार हेक्टरचा हा पट्टा २००२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. तो बिल्डरांपासून वाचवण्यासाठी ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने आयुष्य वेचलं. तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने बांधावर उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं, तळव्यावरच्या रेषा दिसतात का ते पाहिलं आणि आज मासळीला काय घालायचं ते ठरवलं. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

पाण्याला फिरतं ठेवायला चाक हवं. विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांडपाण्यासाठी असेच उथळ, फिरत्या पाण्याचे शेवाळ-तलाव उभे केले. तेच तत्त्व इथे. ट्रकच्या वायपरची जुनी मोटर, लोखंडी आस, त्यावर प्लायवुडची सहा पाती आणि एक सोलर पॅनेल. ऊन असेल तेव्हाच फिरणार, आणि शेवाळालाही ते तेव्हाच हवं.

१८ फेब्रुवारी

मान्यताप्राप्त हॅचरीतून 'गिफ्ट' (GIFT) या सुधारित वाणाच्या चिलापीची बोटुकली आणली. ३०० नग, सरासरी १५ ग्रॅम. टाकीच्या सांडव्याला बारीक जाळी लावली.

२२ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतून क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शेवाळाचं दोन लिटर विरजण मिळालं. विरजण हाच शब्द योग्य वाटतो. दोन लिटरचे दहा, दहाचे पन्नास, पन्नासचे दोनशे असं वाढवत न्यायचं. एकदम मोठ्या पाण्यात ओतलं तर विरळ शेवाळाला ऊन सोसत नाही आणि रंगच धरत नाही. घराच्या पूर्वेच्या ओसरीत पारदर्शक कॅन मांडले. हवेचा दगड सोडला, चिमूटभर युरिया आणि सुपर फॉस्फेट घातलं. पाटात गेल्यावर खत घालायचं नाही, तिथे माशांच्या पाण्याचंच खत.

११ मार्च

पाट हिरवा झाला. सकाळी पोपटी, दुपारी तिरप्या उन्हात गडद. स्टीलच्या झाकणाला काळा-पांढरा रंग देऊन सेच्ची तबकडी केली आहे (ती पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते यावरून पाण्याचा दाटपणा कळतो), ती आज १९ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली.

आज पहिल्यांदा टाकी आणि पाट जोडले. टाकीचं तळाचं पाणी आधी निवळीच्या ड्रममध्ये येतं. विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य तिथे बसतं, ते डाळिंबाच्या आळ्यात. वरचं पाणी पाटात, आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाचा छोटा पंप ते परत टाकीत सोडतो.

१६ मार्च

टाकीत अमोनिया २, पाटाच्या टोकाला अर्ध्याच्या खाली (मिलिग्रॅम प्रति लिटर, किटच्या रंगपट्टीवर). आईला दोन्ही नळ्या दाखवल्या. एक गर्द हिरवी, एक फिकट पिवळी. ती म्हणाली, "हिरव्या पाण्यातनं पिवळी नळी निघाली, आन् स्वच्छ दिसतंय त्याची हिरवी." डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणी माशासाठी स्वच्छ असतंच असं नाही, हे इतक्या सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

२१ मार्च

वाईट दिवस. ११ मासे मेले. पूर्ण लिहून ठेवते.

सकाळी वीज नव्हती म्हणून पंप दुपारी अडीचला सुरू केला. साडेतीनला सदाभाऊंची हाक आली. मासे पृष्ठभागावर तोंड काढून, कल्ले ताणून श्वास घेत होते. काही एका अंगावर कलून गोल फिरत होते. मला वाटलं ऑक्सिजन. मीटर बुडवला तर ९! एवढा ऑक्सिजन आमच्या टाकीत कधीच नसतो. तरी मासे गुदमरत होते.

मग पीएच बघितला. पाटात ९.८, टाकीत सकाळी ७.५ होता तो ८.७. तेव्हा उलगडलं. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे पीएच चढत जातो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ते माशाला फारसं बाधत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, तो कल्ल्यांतून आत शिरतो. कोणता किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी ३० अंशांचं असेल तर पीएच ७.५ ला शंभरातले अडीच भाग विषारी. ८.५ ला वीस. ९.५ ला सत्तरच्या वर. टाकीतला एकूण अमोनिया वाढला नव्हता. मी दुपारचं पाणी सोडून त्याला विषारी रूप दिलं. ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात मासे मेले.

पंप बंद केला, शेततळ्याचं तीन हजार लिटर पाणी आबांनी न विचारता सोडलं, खाद्य दोन दिवस बंद. संध्याकाळी सातपर्यंत मासे खाली गेले.

नियम : पंप सकाळी साडेसात ते साडेअकरा. पाटाचा पीएच ८.५ च्या वर गेला की घड्याळ न बघता बंद. पाटाच्या पंपाच्या खांबावर पाटी लावली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पीएच इतका चढतो तेव्हा काही अमोनिया शेवाळ खात नाही, तो हवेत उडून जातो. म्हणजे १६ मार्चच्या पिवळ्या नळीचं सगळं श्रेय शेवाळाचं नाही.

३ एप्रिल

पाट दोन दिवसांत पांढुरका झाला. परवा हिरवा होता, काल पाण्याचा रंग ताकासारखा, आज तळाचा कागद दिसतोय. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. चक्रधर (रोटिफर), शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी. डोक्यावर केसांची दोन गोल चाकं फिरवत, क्लोरेलाच्या पेशी भोवऱ्यासारख्या आत ओढत होते. पोटं हिरवीगार. एकेका मादीच्या शेपटाशी अंड्यांची जोडी. एका थेंबात मोजता येतील तितके मोजले आणि पेन ठेवलं.

महिन्याची वाढ अडीच दिवसांत खाल्ली. विरजणाचा एक कॅन ओसरीत जपून ठेवला होता, त्यातही शिरलेत.

४ एप्रिल

पाट उपसला. प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळायला मिळतं ते साठ मायक्रॉनचं कापड दुपदरी करून पाणी त्यातून गाळलं. चक्रधर कापडावर अडकतात, शेवाळ निसटतं. कापडावर करड्या सायीसारखा थर जमला. तो टाकीत झटकला तर चिलापीने एका मिनिटात साफ केला. कागद उन्हात कोरडा करायला ठेवला.

१३ एप्रिल

गाळलेलं पाणी परत भरून नवं क्लोरेला येण्याची वाट बघत होते. पाट त्याआधी आपणहून हिरवा झाला, पण हा हिरवा वेगळा, थोडा पिवळसर. थेंबात चार-चार पेशी बोटांसारख्या शेजारी चिकटलेल्या, कडेच्या दोन पेशींना शिंगं. सेनेडेस्मस, हेही हिरवं शेवाळच. आपल्याच शेततळ्यातलं, कुणी न मागवलेलं. लहान चक्रधरांना ही शिंगवाली चौकडी गिळायला जड जाते, म्हणून ते टिकलं.

प्रयोगशाळेचं विरजण परत मागवायचं नाही असं ठरवलं. आपल्या पाण्याचं, आपल्या उन्हाचं जे आहे त्यालाच वाढवायचं. शिवाय हे वजनाने जड आहे. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाशी दोन बोटं हिरवा थर आणि वर बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. क्लोरेला चार-चार दिवस बसत नव्हतं.

२० एप्रिल

मासे ६० ग्रॅमच्या आसपास. खाद्य ५३० ग्रॅम.

२४ एप्रिल

काही तरी बिनसलंय. पाट आजवर नव्हता इतका गडद आहे, तबकडी ९ सेंटिमीटरलाच दिसेनाशी होते. बघणारा म्हणेल काय झकास वाढलंय. पण पाटाच्या टोकाला अमोनिया पुन्हा १ च्या वर, आणि पहाटे पाटातला ऑक्सिजन १.८.

२६ एप्रिल

दोन दिवस वही चाळली तेव्हा लक्षात आलं. १३ तारखेपासून मी पाटातून काहीच बाहेर काढलेलं नाही. शेवाळ नत्र खातं म्हणजे ते स्वतःच्या पेशीत ठेवतं, नत्र पाण्यातच राहतं, फक्त हिरवा अंगरखा घालून. पाट दाट झाला की वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच ऊन संपतं. खालचं शेवाळ उपाशी, ते मरतं, कुजतं आणि खाल्लेलं नत्र पुन्हा अमोनिया करून परत देतं. रात्री मात्र सगळं मिळून ऑक्सिजन ओढतं.

फेब्रुवारीच्या हिशेबात मी "रोज सव्वादोनशे ग्रॅम शेवाळ वाढायला हवं" असं लिहिलं होतं. तिथे "वाढायला आणि बाहेर निघायला" असं लाल शाईने दुरुस्त केलं. पाट हे गवताचं कुरण आहे, कापलं नाही तर त्याचा उपयोग नाही.

२९ एप्रिल

काढणीची सोय झाली. निमुळत्या तळाचा दोनशे लिटरचा एक असे तीन ड्रम आडव्या बांबूंवर टांगले. संध्याकाळी पाटातलं सहाशे लिटर पाणी त्यात. सकाळी वरचं निवळलेलं पाणी हलकेच परत पाटात, तळाची हिरवी पेज तोटीतून बादलीत. बादलीतली पेज खाटेवर ताणलेल्या मांजरपाटावर ओतायची, पाणी निथळून खाली जातं, वर लोण्यासारखा थर उरतो. हाताला गुळगुळीत, वास ओल्या गवताचा. दुसऱ्या दिवशी ठेवला तर मात्र कुबट.

तुरटीने अजून लवकर बसेल, पण ॲल्युमिनियम मिसळलेलं शेवाळ मला बागेत नको आहे. रात्रभराची सवड आहे तर तुरटी कशाला.

सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा आणला. एक लिटर पाटाचं पाणी गाळून, कडक वाळवून मोजलं : ०.४ ग्रॅम. म्हणजे सहाशे लिटरमागे २४० ग्रॅम. हिशेबाच्या जवळ आलं आणि खूप बरं वाटलं.

११ मे

बारा दिवस रोज काढणी. तबकडी १७ ते २० सेंटिमीटरमध्ये. टाकीत अमोनिया दीडच्या आसपास स्थिर, पीएच ७.४ ते ७.८. मासे खाद्य टाकायच्या आधीच सदाभाऊंच्या पावलांच्या आवाजाला कडेला येतात.

१७ मे

पाण्याचा खर्च मोजला, कारण आबा विचारणार. पाटाच्या कडेला स्टीलची पट्टी उभी केली होती. या उन्हात रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी उडतं, म्हणजे पाटातून दोनशे लिटर. टाकीवर शेडनेट आहे तरी तिथून थोडं. काढणीत जातं ते वेगळं, पण ते आळ्यातच पोचतं. सगळं धरून रोज साधारण तीनशे लिटर भर घालते. पाणी बदलायच्या पद्धतीत रोज पाचवा हिस्सा म्हटलं तरी अडीच हजार लिटर गेलं असतं.

आबांनी वही हातात घेऊन आकडे वाचले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी खाटेवरचं शेवाळ त्यांनी स्वतः खरवडून दोन झाडांच्या आळ्यात घातलं आणि त्या दोन झाडांना सुतळी बांधून ठेवली, शेजारच्या झाडांशी ताडून बघायला.

२ जून

मासे शंभर ग्रॅमच्या पुढे. खाद्य ८०० ग्रॅम. अमोनिया चढू लागलाय, २.५. हिशेबाने आता तीसेक चौरस मीटर पाट हवा, आहे वीस. खाद्य ६५० वर आणलं. मासे थोडे सावकाश वाढतील. पाट जेवढं उचलेल तेवढंच खाद्य, हे मान्य करूनच काम करायला हवं.

१० जून

तीन दिवस आभाळ भरलेलं. सोलरवरचं चाक थांबून थांबून फिरतंय. आज पहाटे पाच वाजता पाटात ऑक्सिजन १.२, टाकीत ३.१.

ढगाळ हवेत शेवाळाची वाढ थांबते, श्वास थांबत नाही. दाट पाट अशा वेळी एकदम मरतो आणि साठवलेलं सगळं एका दिवसात सोडतो. म्हणून उलटं केलं : आभाळ भरून आलं त्याच संध्याकाळपासून काढणी दुप्पट. रोज बाराशे लिटर, दोन खेपांत. पाट मुद्दाम पातळ केला. खाद्य २०० ग्रॅम. पाट आणि टाकीमधली तोटी संध्याकाळी पाचला पूर्ण बंद, म्हणजे रात्रीचं भुकेलं पाणी माशांकडे जायला नको. बॅटरीवरचा हवेचा पंप फक्त टाकीला.

११ जून

रात्री एक ते चार वीज नव्हती. मी आणि सदाभाऊ टाकीपाशी बसून होतो. पावणेचारला मीटर २.६ वर. मासे खाली. त्याच ठिकाणी, तसाच टॉर्च हातात. फरक इतकाच की या पाण्यात ऑक्सिजन ओढायला बायोफ्लॉकचे जिवाणू नव्हते, आणि पाट तोटीपलीकडे होता.

१३ जून

ऊन पडलं. अमोनिया ३ वर जाऊन आज २. एकही मासा मेला नाही.

पाटाच्या वळणावर, जिथे पाणी साचून राहतं, निळसर हिरवी साय दिसली. काडीने उचलली तर रंगासारखी पसरते. थेंबात मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचे पुंजके. स्थिर, गरम पाण्यात हे वर तरंगतं आणि त्याच्या काही जाती विषारी असतात. सगळी साय गाळणीने काढून लांब खड्ड्यात पुरली, बागेत नाही. वळणावर पुठ्ठ्यासारखी वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवली, आता पाणी तिथे रेंगाळत नाही.

२४ जून

१२० मासे काढले, सरासरी १४५ ग्रॅम. भिगवणच्या बाजारात नेले. आकाराने लहान म्हणून भाव कमी मिळाला, ते अपेक्षित होतं. विकायची घाई भावासाठी नव्हती, पाटावरचा भार उतरवण्यासाठी होती. घेणाऱ्या मावशींनी एक मासा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "चिखलाचा वास न्हाई याला." तो वास काही निळ्या-हिरव्या शेवाळांच्या आणि जिवाणूंच्या जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ही ओळ मी त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतली.

२६ जून

टाकीत १६९. अमोनिया १ च्या खाली.

३० जून

सुतळी बांधलेल्या दोन झाडांचा पाला शेजारच्यांपेक्षा काळोखा आहे. दोन झाडांवरून काही सांगता येत नाही, पण आबांनी आज वीस झाडांना सुतळी बांधली.

बागेच्या खालच्या अंगाला तेल्या रोगाने गेलेल्या डाळिंबाच्या दोन ओळी मागच्या वर्षी उपटल्या होत्या. ती पट्टी रिकामीच होती. दुसरा पाट तिथे घ्यायचं ठरलं : पंधरा मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे दोन्ही मिळून पन्नास चौरस मीटर. खोली तीच, पंचवीस सेंटिमीटर. संध्याकाळी फक्कीने आखणी केली. मी कोपऱ्याची खुंटी ठोकून वळले तर आबांनी ती उपटून दोन पावलं पश्चिमेला सरकवली. "तिथं दुपारनंतर आंब्याची सावली पडती," म्हणाले.